स्तामातिस रूसेतोस, तुझं सामान!

बंदर पोलीस चौकी, स्खिनूसा बेट.

नाव : अनेझिना, कै. स्तामातिस रूसेतोस यांची पत्नी. वय : ७१ वर्षे. धंदा : पूर्वी शिवणकाम, आता गुडघे सांभाळणे (असेच लिहावे असे सांगते). राहणार : पिरेयस.

मी स्वतः हजर राहून सांगते की, काल याच चौकीत मी एक लाकडी पेटी चोरीला गेल्याची तक्रार दिली होती. ती पेटी सापडली आहे. चोरी झालेलीच नव्हती. आता माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, म्हणून हा जबाब देते.

पेटीत माझ्या पतीच्या अस्थी होत्या. त्यांना वारून तीन वर्षे झाली. पिरेयसच्या दफनभूमीत त्याहून जास्त दिवस जागा देत नाहीत, म्हणून मी त्या काढून घेतल्या, वाइनने धुतल्या आणि पेटीत ठेवल्या. मला स्खिनूसात आईशेजारी ठेव, असे ते शेवटच्या आजारात रोज म्हणत आणि मी रोज हो म्हणत असे. झाकणावर मी निळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत त्यांचे नाव लिहिले. बेटाचे नाव लिहायचे राहिले.

बोटीत चढताना खलाशी म्हणाला, "मावशी, एवढं ओझं घेऊन जिना कसा चढणार? ठेवा इथं खाली. आहे काय आत?" बोटीवर अस्थी म्हटल्या की खलाशी तोंड वाकडे करतात. म्हणून मी म्हटले, "भांडी." पेटी खाली सामानात ठेवून मी वर जाऊन बसले. खलाशाला दोष देऊ नये.

स्खिनूसाच्या आधी इराक्लिया बेट लागते. तिथे माझ्या पतीचे एक चुलतभाऊ राहतात. त्यांना आणि माझ्या पतीला, दोघांनाही आजोबांचेच नाव ठेवलेले, त्यामुळे त्यांचेही नाव स्तामातिस रूसेतोस. आजोबांच्या होडीवरून दोघांत भांडण झाले होते. होडी वाळूत सडून गेली, पण भांडण शाबूत राहिले. माझ्या पतीच्या मयतालाही ते आले नाहीत. काल ते धक्क्यावर उभे दिसले, म्हणून मी खिडकीकडे पाठ केली. पाठ केली नसती तर ते खांद्यावरून काय नेत आहेत, हे मला दिसले असते.

स्खिनूसाला उतरताना पाहते तर पेटी नाही. बोट इथे जेमतेम टेकते. बोटीची फळी वर जायला लागली तरी मी उतरेना, तेव्हा खलाशाने मला दंडाला धरून उतरवले. धक्क्यावर पाद्री आणि नणंदबाई मारूसो, मृताच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गोड गव्हाचे ताट घेऊन उभे होते. मी ओरडले, "माझा नवरा चोरीला गेला!" हवालदार लाझारोस धावत आले. "कधीपासून बेपत्ता आहेत?" मी म्हटले, "तीन वर्षांपूर्वी वारले." त्यांनी मला आधी पाणी दिले.

माणूस जन्मभर बोटींवर नोकरी करून कधी हरवला नाही, तो माझ्या हातून हरवला, एवढेच डोक्यात होते. नणंदबाईंनी वाढलेले जेवण तसेच राहिले.

आज सकाळी ते चुलतभाऊ, म्हणजे माझे भावजी, स्वतःच्या मासेमारीच्या होडीतून इथे चौकीत आले. वाऱ्यामुळे होड्यांना बंदी होती. हे वाक्य आपल्याला ऐकू आले नाही, असे हवालदारांनी सांगितले. भावजींनी लग्नातला कोट घातला होता. पेटी पांढऱ्या चादरीत गुंडाळून पोटाशी धरली होती.

ते म्हणाले, "वहिनी, खलाशी ओरडला, 'स्तामातिस रूसेतोस, तुझं सामान!' मला वाटलं, पोरीनं स्टोव्हचा पत्रा पाठवला. घरी येऊन झाकण काढलं, तर आत कवटी आणि वर माझं नाव! म्हटलं, आयला, मी मेलो की काय? आणि मला सांगायचीसुद्धा कुणाला शुद्ध नाही!"

मी विचारले, "मग ओळखलंत कसं?"

"डाव्या हाताचं हाड वाकडं जुळलंय. आजोबांच्या होडीतून मीच ढकललं होतं त्याला, पोरं होतो तेव्हा. ते हाड बघितलं आणि पेटी चादरीत गुंडाळली." मग डोळे पुसून म्हणाले, "मयताला मी आलो नाही, वहिनी. शेवटी तोच आला बघा. म्हणाला असेल, हे गाढव काही यायचं नाही, आपणच जाऊन यावं."

त्यांना चार शब्द सुनावायचे मी तीन वर्षे ठरवून ठेवले होते. एकही आठवला नाही. त्यांच्या कोटाचे बटण लोंबत होते, ते मी इथेच चौकीत शिवून दिले.

दुपारी पाद्रींनी प्रार्थना म्हटली आणि पेटी दफनभूमीतल्या अस्थिघरात सासूबाईंच्या पेटीशेजारी ठेवली. भावजींनी ती दुसऱ्या कोणाला उचलू दिली नाही. मी गव्हाच्या दोन वाट्या खाल्ल्या.

शेजारी एक जागा रिकामी आहे. ती पाहून भावजी म्हणाले, "वहिनी, ही मला ठेवा. फक्त माझ्या पेटीवर बेटाचं नाव लिहा."

हा मजकूर हवालदारांनी मला व भावजींना मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. 'गाढव' हा शब्द भावजींचा आहे आणि तो खोडू नये, असे त्यांचेही म्हणणे आहे.