तात्पर्य

आजींच्या डोळ्यांत थेंब घातले होते. दवाखान्याच्या बाकावर त्या डोळे मिटून बसल्या होत्या, पण कान शाबूत होते. शेजारी बहीण-भाऊ बोलत होते.

"ताई, इतकी वर्षं कॉलेजच्या पोरांना ऑनलाइन लिहायला शिकवतेस. एकाचं तरी तोंड पाहिलंयस?"

"नाही. कॅमेरे बंद असतात त्यांचे."

"म्हणजे भिंतीशीच बोलणं! त्यापेक्षा ती ऑफिसातली नोकरी धर."

"उद्या कळवते म्हटलंय त्यांना. पण लिहिण्यावरून ओळखते रे मी पोरांना. एक मुलगी तर जिथे तिथे 'सांगायचं तात्पर्य' घुसडते."

तेवढ्यात नर्स आली.

"आजी, डोळे चोळायचे नाहीत, पाणी लावायचं नाही. सांगायचं तात्पर्य, मिटूनच ठेवा."

बाकावरची ताई एकदम बोलली.

"अगं, तात्पर्य खोड म्हटलं होतं ना मी?"

"अय्या! हा आवाज... मॅडम, तुम्ही?"

"खोडलंस का?"

"निबंधातून खोडलं, मॅडम. तोंडातून जात नाही!"

आजींना राहवेना. त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"आजी, मिटा बघू!"

"मिटते गं बाई."

"मग ताई, त्या ऑफिसला काय कळवणार?"

"सविस्तर लिहीन."

"आणि तात्पर्य?"

"येत नाही."