गुंजनच्या यादीतली एकतीस नावं

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या तलाव पाणीवापर संस्थेचेही अध्यक्ष, आदरणीय उदारामजी; संस्थेचे सचिव धर्मेंद्रजी; व्यासपीठावरच्या सरपंचताई; जिच्यासाठी आपण जमलो ती गुंजन, तिचे आईवडील नंदाबाई आणि हिरालालभाऊ; आणि शाळेच्या या सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सुलोचनाबाईचा तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मला आशीर्वादपर बोलायला सांगितलंय. आशीर्वाद तर देणारच. पण माझ्यामागे जो फ्लेक्स लावलाय, त्यावर छापलंय, 'संस्थेच्या मार्गदर्शनाखाली घडलेली संगणकतज्ज्ञ कु. गुंजन हिरालाल कापगते.' मार्गदर्शनाखाली! पस्तीस वर्षं मी याच शाळेत गणित शिकवलं. चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ मारायची हाताला सवय आहे. ही ओळ वाचून मी गप्प कशी बसू?

गुंजन कशी घडली, ते मी सांगते. दहावीनंतर तिनं प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलं. घरी कॉम्प्युटर नव्हता. शाळेतले होते, पण ते प्लास्टिकच्या आवरणाखाली, कुलपात. चावी मागितली तर उत्तर यायचं, "पोरी खराब करतात." मग तिनं दोनशे पानी वही आणली आणि त्यात प्रोग्राम लिहू लागली. लिहायचा आणि ओळीओळीनं स्वतःच चालवून बघायचा. या ओळीनंतर कोणत्या चलाची किंमत किती झाली, त्याचा तक्ता करायचा. मला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता. पण तक्ता तपासता येत होता. आम्ही दोघी माझ्या ओसरीवर बसायचो. एकदा हिरालालभाऊ काळजीनं आले.

"बाई, पोरगी कागदावरच कम्प्युटर चालवून राहिली. काही बिघडलं त नाही ना तिचं?"

मी म्हटलं, "भाऊ, बिघडलं असेल तर माझंही बिघडलंय."

पुढे ती गोंदियाला कॉलेजात गेली. जवळच मुर्रीला मावशीकडे राहिली, सायकलनं ये-जा केली. तिथे एका मशीनवर चौघं. मुलं खुर्चीत, मुली मागे उभ्या. पण हिचा प्रोग्राम वहीत आधीच चालून झालेला असायचा, म्हणून हिला मशीन दहा मिनिटं मिळालं तरी पुरायचं. सी शिकली, पायथन शिकली, डेटाबेस शिकली. यात संस्थेचं मार्गदर्शन कुठे होतं, हे कुणी मला दाखवावं.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. गुंजननं आपला तलाव निवडला. तुमच्याआमच्या पणज्यांनी ही पाळ बांधली, पाणी सोडायचं तुडूम बसवलं, पाट काढले. तुडूम उघडलं की कुणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी जायचं, यावरून दरवर्षी भांडणं. हिनं एकशे त्रेचाळीस शेतकऱ्यांची माहिती घरोघरी फिरून गोळा केली आणि प्रत्येकाची पाळी ठरवणारा प्रोग्राम लिहिला. पाळी आली की मोबाइलवर संदेश. संस्थेनं तो वापरायला घेतला.

पहिल्या चाचणीत त्यात एक चूक निघाली. पंचवीस नावं घातली की चोवीसच बाहेर यायची. शेवटचं गळायचं. ही स्वतः धर्मेंद्रजींकडे गेली, चूक सांगितली, दुरुस्त केली, पुन्हा चालवून दाखवली. हे लक्षात ठेवा, कारण एकदा कबूल केलेली चूक पुढे तिच्याच विरोधात वापरली गेली.

गेल्या ऑक्टोबरात पावसानं दडी मारली. धानाच्या लोंब्या निसवायला आलेल्या. संस्थेच्या फळ्यावर पाळ्यांची यादी लागली. नावं किती? एकशे बारा. पाटाच्या शेवटच्या टोकाचे एकतीस शेतकरी गायब! त्यांत हिरालालभाऊ होते, गंगाबाई होत्या. लोक जाब विचारायला गेले, तेव्हा आपण काय म्हणालात, उदारामजी? मी दारातच उभी होते.

"प्रोग्राममंदी गडबड आहे. पोरीनं शिकता शिकता बनवला. आता आमी तरी का करू?"

तलावात पाणी कमी होतं, म्हणून वरच्या बांध्यांना दोनदा द्यायचं तुम्ही ठरवलंत. ते तरी तोंडावर सांगायचं होतं! भांडलो असतो, मार्ग काढला असता. पण प्रोग्रामची यादी बाजूला ठेवून तुम्ही वेगळ्या कागदावर यादी टाइप केलीत, त्यातून ही नावं खोडलीत आणि दोष एकवीस वर्षांच्या मुलीच्या माथी मारलात. लोक हिच्या घरावरून जाताना थुंकले. नंदाबाईंना विहिरीवर कुणी बोलेना. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका कंपनीनं हिच्या कामाची चौकशी करायला संस्थेत फोन केला. धर्मेंद्रजी, तुम्ही सांगितलंत, "यादी चुकली, काम कच्चं आहे." ती नोकरी गेली. माना खाली घालू नका. ऐका.

गुंजन माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "बाई, चूक माही असती त मी सांगतली असती. पहिल्या टायमाले सांगतली होती ना?"

प्रोग्राममध्ये कधी, काय, कशासाठी बदललं, त्याची तारखेनिशी नोंद तिनं ठेवली होती. ती घेऊन ती ग्रामसभेत गेली, याच सभागृहात. प्रोजेक्टर मागितला; सांगितलं, खराब आहे. लॅपटॉप लावायला गेली. कुणीतरी म्हणालं, कम्प्युटरचं आम्ही मानत नाही.

मग या मुलीनं खडू उचलला.

या फळ्यावर तिनं आपला प्रोग्राम ओळीओळीनं लिहिला, झाडीबोलीत समजावला आणि हातानं चालवला. समोरच्या एकेकाला विचारायची, "तुमची बांधी कोणत्या पाटावर? तुडुमापासून कितवी?" आणि पाळी काढून नाव लिहायची. दीड तास! कुणी उठलं नाही. एकशे बारा झाले आणि खडू थांबला नाही. एकशे तेरा, एकशे चौदा... गंगाबाईंचं नाव आलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"मंग संस्थेच्या फळ्यावरून मायं नाव कायले काटलं? मी मेली का?"

दुसऱ्या दिवशी यादी निमूट बदलली. एकशे त्रेचाळीस नावं. पण शेवटच्या टोकाला पाणी पोहोचेपर्यंत आठ दिवस गेले होते. गंगाबाईंच्या अर्ध्या लोंब्या पोचट निघाल्या. संस्थेनं खुलासा केला नाही, माफी मागितली नाही. आजही काही घरांत हेच बोललं जातं की गुंजनमुळे त्या हंगामात धान गेलं.

हैदराबादची नोकरी तिला ऑनलाइन परीक्षेवर मिळाली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, मोठ्यात मोठी अडचण कोणती आली? हिनं त्यांना ग्रामसभा सांगितली. त्यांना कळलं. आपल्याला कळायला शाल-श्रीफळ लागलं!

गुंजन बेटा, तू जा. खूप शीक, मोठी हो. तिथे कुणी तुला मागे उभं केलं, तर खुर्ची मागून घे. चूक झाली तर आजवर सांगत आलीस तशीच सांग. आणि झाली नसेल, तर कुणाच्याही समाधानासाठी ती अंगावर घेऊ नकोस. माझे आशीर्वाद आहेतच.

मला बोलायची संधी दिलीत, इतका वेळ शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल संयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. माझा आवाज चढला असेल, बोलताना मान-पान सुटला असेल, तर तेवढ्यापुरतं या म्हातारीला पदरात घ्या. बोलले त्यातला एकही शब्द मात्र मी मागे घेत नाही.

आता अध्यक्षीय भाषण आहे. उदारामजी, गुंजनच्या खांद्यावर शाल घालण्याआधी गावासमोर एवढंच म्हणा, 'प्रोग्राम बरोबर होता. नावं आम्ही खोडली.' लांब भाषण नको.

मी खाली बसते. माइक चालू आहे.