गुळणी

(सोसायटीची शेंगा फोडायची शेड. बहात्तरचा दुष्काळ. संध्याकाळी काम सुटायची वेळ, बायका रांगेत.)

शरणप्पा : गिळू नको पाणी, मथुरा! खळखळून थुंक ह्या काळ्या घमेल्यात.

भिमाबाई : मुकादम, सातवा चालू हाय तिला. दमानं घ्या.

शरणप्पा : बघ तुझ्या सुनेची गुळणी. दुधावानी! बियाण्याच्या शेंगा हायेत ह्या, भिमाबाई. दाणा खाल्ला की काम बंद.

भिमाबाई : चोरून न्हाय खाल्ला! दुपारच्या भाषणात ह्या आरोग्यवाल्या उमाबाईंनीच समद्यांम्होरं तिच्या तोंडात घातला. बाई, सांगा की! रोज मूठभर दाणे खा म्हनलाव का न्हाय?

उमाबाई : म्हणाले. शेंगदाण्यात उत्तम प्रथिने असतात. नियमित सेवनाने शरीराची झीज भरून निघते. गर्भवतीस तर ते विशेष हितकर. हे शास्त्र आहे, ते मी मागे घेणार नाही.

शरणप्पा : मग लिहून द्या, बाई. चेअरमनसाहेबांना चिठ्ठी जाईल, आरोग्यवाल्या बाईंनी सोसायटीचं बियाणं चारलं म्हणून. हिला सोडतो.

उमाबाई : चिठ्ठी? ...हे पाहा, दाणे मी छायाचित्रापुरते तिच्या ओठांशी धरले होते. ते चावावेत, असे मी सुचविले नव्हते.

भिमाबाई : अवो बाई! ‘चाव, मान वर कर’ कोन म्हनलं?

उमाबाई : मान वर कर, एवढेच. शेडमध्ये उजेड कमी होता.

शरणप्पा : खतम. उद्यापास्नं येऊ नको, मथुरा.

भिमाबाई : दोघींच्या हातावर चूल पेटती, मुकादम. पोटुशीला खडी फोडाया धाडू का?

शरणप्पा : तुझी गुळणी ऱ्हायलीय अजून. का तुलाबी जायचंय?

उमाबाई : खडीवर जाणार असेल, तर आहाराची हेळसांड मुळीच नको. हे पत्रक ठेव, मथुरा. वाचता येत नसेल, तर चित्रे पाहा.

शरणप्पा : बाई, तुमची कळंबची गाडी आली. ही पिशवी ऱ्हायली की. भाजके दाणे, साहेबांनी दिल्यात.

उमाबाई : इतके कशाला? ...खारे नाहीत ना? मीठ मला वर्ज्य आहे.

शरणप्पा : न्हाईत, न्हाईत. हां, भिमाबाई, भर तोंडात पाणी.

भिमाबाई : मथुरे, जरा बाजूला सर. ...बघा, मुकादम. माझं पाणी साफ हाय.