कुंकवाचं बटन

सुनंदा, मी सोळा सोमवार धरले होते ना, ते आमच्या ह्यांच्या डीजेच्या मशीनसाठी! मशीन जुनं, लॅपटॉपातलं सॉफ्टवेअर नवं, दोघांचं जमेचना. शेवटी ह्यांनी एकेका बटनाला नवं काम नेमून दिलं, तेव्हा चाललं. मी पूजा मांडली.

"बंद करायचं कोणतं हो?"

"आता हे कोपऱ्यातलं. वर छापलंय ते विसर."

मी तिथंच कुंकू लावलं.

मुरुड माझं माहेर, म्हणून तिथल्या वरातीला मीही डीजेच्या गाडीवर बसले. रस्त्यावरची लोंबती वायर काठीनं उचलायला हे खाली उतरले अन् गाण्याच्या दणक्यानं नवरदेवाचा घोडा बिथरला.

"अगं, बंद कर!"

घाबरून मी 'स्टॉप' छापलेलंच दाबलं. भोंगा वाजला! घोडा दोन पायांवर, नवरदेव त्याच्या मानेला लटकलेला. "महादेवा!" म्हणत खाली बघितलं, तर कोपऱ्यात लाल ठिपका. दाबला. सगळं चिडीचूप.

घोडा थांबला. नवरदेव उतरून म्हणाला, "आक्का, मी पायीच जातो."

तुझा लेकही जुन्या मशीनला नवं शिकवून राहिला म्हणे. सोमवार धर, पण त्याआधी बंद करायच्या बटनाला कुंकू लाव, बाई.