भिजवलेलं पाणी

भाऊ: हळू बोल ताई. आत्ता कुठे आईचा डोळा लागलाय.

ताई: अरे, पोट बघितलंस का तिचं? टम्म फुगलंय.

भाऊ: खातच नाही धड. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, पण हट्ट काही गेला नाही. चमचा पुढे केला की दात घट्ट. आज शेवटी गाल दाबून पाजलं.

ताई: काय पाजलंस?

भाऊ: सोयाबीनचं दूध. तूच म्हणालीस ना फोनवर, अंगात ताकद येईल म्हणून?

ताई: म्हणाले खरी. करतोस कसं?

भाऊ: रात्री भिजवतो. सकाळी त्याच पाण्यात वाटतो, उकळतो, गाळतो.

ताई: त्याच पाण्यात?

भाऊ: मग? भिजवलेलं पाणी ओतून दिलं की आई घर डोक्यावर घ्यायची. सत्त्व त्यातच असतं म्हणायची.

ताई: अरे, नको ते पण त्यातच उतरतं. सोयाबीनमध्ये स्टॅकिओज नावाची साखर असते. चार मण्यांची सर समज. दोन मणी गॅलॅक्टोजचे, मग ग्लुकोज, मग फ्रुक्टोज. त्या गॅलॅक्टोजच्या गाठी सोडवणारं आपल्या पोटात काहीच नसतं.

भाऊ: चांगलं खळखळून उकळतो की!

ताई: उकळून नाही सुटत. सर तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात. मग वायू धरतो, कळा येतात. आपण चार पावलं चालून निभावतो. तिला तर कूससुद्धा बदलता येत नाही.

भाऊ: हे तुला ठाऊक होतं?

ताई: प्रयोगशाळेत रोज हेच मोजते मी.

भाऊ: मग सांगितलं का नाहीस?

ताई: तू विचारलंस कुठे... नाही, चूक माझीच. घाईत होते. सुचवलं आणि सुटले.

भाऊ: ताई, मी काय काय बोललो गं तिला. छळतेस म्हणालो. सकाळी तिच्या डोळ्यांना धार लागली, तर म्हटलं, नाटकं पुरे.

ताई: डॉक्टरांना फोन केलाय मी, निघालेत ते. फुगण्याचं कारण दुसरंही असेल, बघू दे त्यांना.

भाऊ: ती सांगत होती गं. तोंड मिटून मला रोज सांगत होती.

(आतून कण्हल्याचा आवाज.)

ताई: थांब, मी जाते.

भाऊ: नको, मीच जातो... आई, मी आहे. नको गं, तोंड नको मिटूस. हे बघ, हातात काही नाही माझ्या.