मेहुण्याच्या पोरीची पत्रिका

चहा थंड झाला तरी चालेल, पण आधी माझ्या मेहुण्याचा प्रताप ऐका.

संजय पाचोऱ्याहून आला आणि पोरीची लग्नपत्रिका बनवायला माझ्या कॉम्प्युटरवर बसला. पत्रिकेचं महागडं सॉफ्टवेअर त्यानं कुठून तरी फुकट उतरवलं. त्यात सूचना होती, "आधी अँटिव्हायरस बंद करा." अहो, चोरच सांगतोय की कुत्रा बांधून ठेवा! यानं इमानदारीत बंद केला. वर मलाच म्हणतो, "दाजी, तुमचा अँटिव्हायरस लई कटकट करतो."

चौथ्या दिवशी माझा मेल मलाच उघडेना. देवपुरातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "सर, त्या सॉफ्टवेअरनं मागचं दार उघडून दिलं. ब्राउझरमध्ये साठवलेले तुमचे सगळे पासवर्ड चोराच्या हाती गेले." आणि त्या हरामखोर चोरानं काय करावं? तीच पत्रिका, आत व्हायरस घालून, माझ्या मेलवरून सगळ्या नातेवाइकांना धाडली! आपल्याकडे आलेली पत्रिका कोणी न उघडता ठेवतं का? शिंदखेड्याच्या आबांनी तर दोनदा उघडली.

माझ्या मुलीच्या मोबाइलवरून मेल कसाबसा परत मिळवला, पासवर्ड बदलले आणि दिवसभर एकेकाला फोन केले, "पत्रिका उघडू नका." संध्याकाळी संजयचा फोन आला. वाटलं, माफी मागेल. तर तो रागानं थेट अहिराणीत माझ्यावरच भडकला, "दाजी, तुमीन बठ्ठा नातेवाइकसले पत्रिका उघाडू नका सांगं! आते मनी पोरना लगीनले कोन येई?"

मी म्हटलं, "त्या चोराला विचार. सगळ्यांचे पत्ते आता त्याच्याकडेच आहेत!"