जावयाचं डोकं कुठंय?

अहो अहो, उजेडात नका उघडू, रामकिसनभाऊ! आधी दुकानाचं शटर खाली ओढा — हसायला काय झालं? माझ्या पोरीच्या साखरपुड्याचे फोटो हायेत त्या कार्डात. गोधडीत डोकं घालून काढलं मी ते कॅमेऱ्यातून, बिलकुल अंधारात, आन वाटूरहून जुन्या जालन्यापर्यंत तंबाखूच्या डबीत आणलं, वरून रुमाल गुंडाळून — काय? न्हाई लागत उजेड? रोलला लागतो, ह्याला न्हाई? असं का. मंग बेबीची आई मला गोधडीत बघून ओरडली ते फुकटच म्हणायचं. बरं, लावा त्या कंप्यूटरला, पण जल्दी करा हो, उद्या भोकरदनचे पाव्हणे येऊन राह्यले फोटो बघायला. आमच्या विहीणबाई, साळूबाई, साखरपुड्यातच तोंड फुगवून बसल्या होत्या — पोरीवाल्यांनी साधा फोटोग्राफरबी सांगितला न्हाई म्हणून. मी म्हणलं, फोटोग्राफर कशाला, मी हाय की! रिटायर झालो तसा हा डिजिटल कॅमेरा घेतला, तो काय पुजायला? — आता तुम्ही नका तोंड पाडू, तुम्हाला सांगितलं न्हाई म्हणून तर आज तुमच्या दारात आलो ना. उद्या साळूबाईच्या हातात अल्बम पडला पाहिजे, बास.

हां, आला. हा मांडव. वाकडा न्हाई हो, मांडवच तसा बांधला होता. हा माझा अंगठा. हाबी अंगठाच, पुढं घ्या. ही बेबीची आई — एवढी काळी न्हाई ती, मागं खिडकी होती, चांगला उजेड दिसला म्हणून मुद्दाम तिथं उभी केली. उजेड तोंडावर पाहिजे, पाठीवर न्हाई? आता सांगता व्हय! ह्या विहीणबाई — डोक्यातून तुळस निघालीय खरी, पण मागं वृंदावन होतं, मी काय ते उचलून बाजूला ठेवू? हा झूम करून काढला, मांडवाच्या पार त्या टोकाहून, जागचं हलायचं कामच पडलं न्हाई — कोण हाय? मलाबी न्हाई कळत. आन खाली तारीख कोणती आलीय ही? एक जानेवारी दोन हजार? अहो, तवा बेबी दहावीला होती! साळूबाई विचारतील, दहावीतच उरकला का साखरपुडा म्हणून.

ही बघा बेबी. आन शेजारी आमचा जावई, धर्मराज, भोकरदनला मास्तर हाय — डोकं? डोकं… उंच हाय ना पोरगं. मी बेबीवर नेम धरला, तिचं बघा कसं बराबर आलंय, पार गजऱ्यापर्यंत. त्याचं पुढच्यात असंल. इथंबी न्हाई. अंगठी घालतानाचा बघा — हात आलाय की, अंगठीबी आलीय. डोकं… बरं, पुढचा. पुढचा. सगळ्यात गळ्यापर्यंतच? एकातबी न्हाई? अरे देवा! एवढ्या मोठ्या शुभकार्यात नवरदेवाला मुंडकंच न्हाई, ही साधी गोष्ट हाय का? साळूबाई म्हणतील, व्याह्यानं आमचं पोरगं छाटलं. सोयरीक मोडून जातील हो!

काय म्हणलं? पोरगं पसंत न्हाई का मला? कोण म्हणलं! मीच तर शोधलं. सुपारीबी खात न्हाई, नाव ठेवायला जागा न्हाई — तेच तर ना, एखादी खोट सापडली असती तर — जाऊ द्या, तुम्ही पुढं चला. ही बेबी पेढा खाताना. ही हसताना. ही तिची वेणी, पाठमोरी. ही पुन्हा हसताना — सगळे तिचेच कसे म्हणजे? तिचाच साखरपुडा होता ना! आन पुढं कुठं सापडणारे ती मला? सकाळचा चहा तीच करती, डॉक्टरनं साखर बंद केली तरी आईच्या नजरेआड चिमूटभर टाकती. भोकरदनहून येणारे का ती चिमूट टाकायला? — मी काय सांगून राह्यलो तुम्हाला! कामाचं बोलू. त्याचा बायोडाट्याचा फोटो आणलाय मी खिशात. कंप्यूटरात डोकं बसवता येतं म्हणतात, सगळ्या फोटोंना हेच बसवा. पेढा भरवतानाबी तोंड मिटलेलं दिसंल? दिसू द्या. मास्तर हाय, कमी बोलतो म्हणू.

थांबा. अजून एक कसा? मी मोजून काढले होते, छत्तीस झाले, रोल संपला, म्हणून तर कॅमेरा बेबीच्या हातात दिला — हां, रोल नसतो न्हाई का ह्याच्यात. मंग हा बेबीनं काढला जणू. मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी गेल्तो मी. तिथं — चुलीचा धूर लई होता, डोळे चुरचुरत होते. आन हा… हा धर्मराज! आख्खा हाय की हो, डोक्यासगट! माझ्या खांद्यावर हात हाय त्याचा. पाण्याचा गिलास घेऊन आल्ता. गिलास रिकामा होईस्तोवर पोरगं नुसतं उभं राहिलं.

हाच दाखवू? डोकं फिरलं का तुमचं! आख्ख्या भोकरदनला दाखवू, व्याही कसा लेकरावानी रडतो ते? मला काढून टाका त्याच्यातून, त्याला ठेवा. — हात अधांतरी राहतो? मंग माझंच डोकं उडवा, वरून कापा, मला जमतं तसं!

न्हाई — न्हाई, थांबा. हात नका लावू. पोरीनं काढलाय तो. असाच राहू द्या. मोठा काढा, भिंतीवर लावायचा, आन अल्बमातबी पहिला हाच घाला, बघू द्या साळूबाईला. ते बायोडाट्याचं डोकं द्या इकडं परत. आन मला काय बघून राह्यले रामकिसनभाऊ? कंप्यूटराकडं बघा ना तुम्ही.